तुमच्या सोयीसाठी, तुमच्याच चलनात

यशोधरा ओव्हाळची ओळख मला तिच्या वडलांकडून झाली. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून मी सकाळी लोणावळ्याच्या वाचनालयात पेपर वाचायला जाते. श्रीपतीभाऊ तिथे माझ्याआधी येऊन बसलेले असतात. कुरवंड्याहून येतात, कधी एसटीने, कधी कुणाच्या मोटरसायकलवर मागे बसून. उमेदीच्या वयात ते कुरवंडे घाट पायी उतरून खाली खोपोलीकडे कारखान्यात कामाला जायचे, आणि पाळी संपली की तोच घाट चढून घरी यायचे. गुडघे आता बोलतात, पण माणूस ताठ चालतो.

त्यांची ही थोरली मुलगी वळवणच्या बाजूच्या एका हॉटेलात रिसेप्शनवर आहे. आमच्याकडे शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची जत्रा उसळते. नागफणीच्या रस्त्यावर तर गाडीला गाडी चिकटते. पण हे हॉटेल जरा वेगळं. तिथे हिवाळ्यात परदेशी लोक येतात, योग शिकायला, महिना-महिना राहतात. त्यांच्याशी इंग्रजीत बोलायचं, त्यांचं हवं-नको बघायचं, जाताना बिल करायचं, हे यशोधराचं काम. बी.कॉम. झाल्यावर हॉटेलचा एक कोर्स करून ती तिथे लागली आणि चांगलीच रुजली. पाहुणे तिला नावाने विचारत येत. "ती हसरी मुलगी आहे ना अजून?" असं फोनवरच विचारत.

श्रीपतीभाऊंच्या मनात कैक वर्षं एक गोष्ट होती. बोधगयेचा बोधिवृक्ष त्यांनी पाहिला होता. त्याच झाडाची एक फांदी फार जुन्या काळी समुद्र ओलांडून श्रीलंकेत गेली आणि अनुराधापूरला लावली, तिचं झाड अजून आहे, हे त्यांनी एका व्याख्यानात ऐकलं होतं. तेव्हापासून त्यांचा धोशा होता, "ती फांदी तितं कशी ऱ्हायली ते बगायचंय एकदा."

मागच्या वर्षी यशोधराने तो योग आणला. आई-वडलांचे पासपोर्ट काढले. विमानाची तिकिटं काढली तेव्हा घरी येऊन वडलांना म्हणाली, "दादा, तिकिटं माझ्या बोनसची. तुम्ही फक्त पांढरा सदरा शिवून घ्या." श्रीपतीभाऊंनी वाचनालयात येऊन हे मला तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना त्यांनी पेपर उलटा धरला होता.

अनुराधापूर त्यांना भरभरून मिळालं. शालनबाई, म्हणजे यशोधराची आई, तिकडच्या बायांबरोबर हातात कमळं घेऊन रांगेत उभ्या राहिल्या. भाषा एक अक्षर कळेना, पण त्रिशरणाचे शब्द कानावर पडताच त्यांनी आपला सूर त्यात मिसळला आणि शेजारच्या बाईने त्यांचा हात धरला. श्रीपतीभाऊ झाडाखाली बसून राहिले. उठवलं तेव्हा म्हणाले, "आजून थोडं."

तिथलं छोटं गेस्टहाउस रोखीवर चालत होतं. घरून बदलून नेलेले पैसे तिथे संपले. पुढचा मुक्काम कँडीला, जरा बऱ्या हॉटेलात. ते बिल कार्डावर द्यायचं ठरलं होतं.

शालनबाईंना त्या देशात एका गोष्टीची गंमत वाटत होती. तिथेही रुपयेच. "त्यांचं बी रुपयंच? मंग आपलंच की!" यशोधरा समजावायची, "आई, नाव तेच आहे. आपल्या एका रुपयाला त्यांचे साडेतीन येतात." तरी कँडीच्या बाजारात लाकडी बुद्धमूर्तीची किंमत ऐकून शालनबाई दचकल्याच. बोटभर कोरीव काम, हलकं चंदनी लाकूड. त्यांनी मूर्ती दोनदा हातात घेतली, दोनदा खाली ठेवली. "नगं बाई. हाटेलाचं द्यायचं हाय आजून."

निघायच्या दिवशी नाश्ता झाल्यावर यशोधरा बिल द्यायला काउंटरवर गेली. तिथली मुलगी तिच्याच वयाची, केसांत पांढरं फूल, बोलायला गोड. दोन दिवसांत दोघींची चांगली गट्टी जमली होती. मीही हॉटेलातच आहे, रिसेप्शनवरच, हे यशोधराने तिला सांगून टाकलं होतं. बिल होतं त्यांचे चौऱ्याऐंशी हजार. यशोधराने आधीच हिशेब करून ठेवला होता, आपले चोवीस हजार, वर बँकेचा काय तो थोडा आकार.

त्या मुलीने कार्ड मशीनमध्ये घातलं. मशीन स्वतःच्या बाजूला वळवून घेतलं. अंगठ्याने एक बटण दाबलं. मग हसून म्हणाली, "मॅडम, तुमच्या सोयीसाठी तुमच्याच चलनात घेतलंय," आणि पिन टाकायला मशीन पुढे केलं.

यशोधरानेही हसून पिन टाकला. हे वाक्य तिच्या इतकं ओळखीचं होतं की परक्या देशात कुणी घरातलं भेटावं तसं तिला वाटलं. शब्द न् शब्द तेच. ते मशीन आपल्याकडे वळवणं, तो अंगठा, ते हसू, सगळं तेच.

तेवढ्यात फोनवर बँकेचा मेसेज आला. साडेसव्वीस हजार.

तिला वाटलं आपलं काही तरी चुकलं. फोनवर पुन्हा हिशेब केला. पुन्हा चोवीसच. शेजारी सोफ्यावर बसलेल्या श्रीपतीभाऊंनी विचारलं, "काय गं? झालं न्हवं?"

"थांबा दादा." ती काउंटरकडे वळली. "बिल तर चौऱ्याऐंशी हजार तुमचे रुपये आहे. आमचे चोवीसच्या आसपास व्हायला हवेत. हे साडेसव्वीस कुठून आले?"

"मशीनचा दर आहे, मॅडम."

"म्हणजे बँकेचा?"

"बँकेचा नाही. मशीन ज्यांचं आहे त्या कंपनीचा. पाहुण्याच्या चलनात पैसे घेतले की बदलीचा दर ती कंपनी ठरवते. आपला नफा धरून ठरवते."

"आणि इथल्या रुपयांत घेतले असते तर?"

"मग बदली तुमच्या बँकेने केली असती. बँकही थोडं घेते. पण इतकं नाही." हे बोलताना तिचा आवाज खाली गेला होता. मग ती गोंधळून यशोधराकडे बघायला लागली. "पण मॅडम, तुम्हाला हे माहीतच असेल ना? तुम्ही याच लाइनमध्ये आहात. तुमच्याकडेही असंच करतात, हो ना?"

यशोधराने मला हे सांगितलं तेव्हा ती आमच्या गॅलरीत बसली होती. गोष्टीत इथवर आल्यावर ती थांबली. म्हणाली, "काकू, आपण जिना उतरतोय आणि शेवटची पायरी संपलीय असं समजून पाय टाकावा, आणि खाली अजून एक पायरी निघावी, तसं झालं. पाय जमिनीला लागायच्या आधी जो क्षण असतो ना, तो तिथे संपेचना."

कारण त्यांच्याकडे असंच करत होते. सहा वर्षं ती स्वतः असंच करत होती.

कामावर लागली तेव्हा तिला शिकवलं होतं, परदेशी कार्ड आलं की मशीन दोन पर्याय दाखवतं, वरचा दाबायचा. तो पाहुण्याच्या चलनाचा. त्यांना त्यांच्या पैशांत आकडा कळतो, बरं वाटतं. विचारत बसायचं नाही, त्यांचा वेळ जातो. तिने ते पाहुणचार म्हणूनच घेतलं होतं. आलेल्याला पाणी द्यावं, तसं. ती तर नव्या मुलींनाही हसत कसं म्हणायचं ते शिकवायची.

"कशी बगतीस अशी?" शालनबाई सोफ्यावरून उठून काउंटरजवळ आल्या. "पैसं चोरीला गेलं का?"

यशोधराला हो म्हणावं की नाही ते कळेना.

ती मुलगी मात्र भली निघाली. इकडेतिकडे बघत म्हणाली, "मॅनेजर बाहेर गेलेत. मी हे रद्द करून इथल्या रुपयांत पुन्हा घेऊ शकते. आजच्या आज केलं तरच होतं." तिने तसं केलं. या वेळी मशीनचा पडदा यशोधराकडे होता, आणि दोन पर्याय तिला तिच्या डोळ्यांनी दिसले. खालचा तिने स्वतः दाबला. बँकेचा आकार धरूनही पंचवीसच्या आत भागलं. निघताना ती मुलगी हळूच म्हणाली, "आम्हालाही यातलं थोडं मिळतं, मॅडम. राग धरू नका."

वाचलेल्या पैशांत शालनबाईंनी बाजारातली ती मूर्ती घेतली. त्या खुशीत होत्या. लेकीने हुशारीने भांडून पैसे सोडवले असंच त्यांना वाटत होतं. विमानात यशोधरा खिडकीकडे तोंड करून बसली, तेव्हा त्या नवऱ्याला म्हणाल्या, "दमली पोर."

पण तिला एकेक चेहरा आठवत होता. चष्मा विसरलेले म्हातारे गृहस्थ, ज्यांनी "तूच कर बाळ" म्हणत कार्ड तिच्या हातात दिलं होतं. योगशिक्षिका व्हायला आलेली, पैसे जपून वापरणारी एक पोरगी. आणि सगळ्यात जास्त, कोकमबाई.

कोकमबाई म्हणजे जर्मनीची एक साठीपुढची बाई. दर डिसेंबरात येते, महिनाभर राहते. खरं नाव उच्चारायला अवघड, आणि ऐन थंडीत गार कोकम सरबत मागते, म्हणून हॉटेलात सगळे तिला कोकमबाई म्हणतात. ते तिलाही ठाऊक आहे आणि आवडतं. यशोधरावर तिची माया. येताना तिच्यासाठी लोकरीचं काही तरी विणून आणते. महिनाभराचं बिल मोठं असतं. आणि दर वर्षी ते यशोधरानेच केलं होतं, वरचं बटण दाबून.

सुटी संपवून कामावर गेल्या गेल्या ती कैलास वाळुंजांच्या केबिनमध्ये गेली. हे हॉटेलचे मॅनेजर. माणूस वाईट नाही. कुणाच्या घरी दुखणं आलं तर स्वतः गाडी घेऊन जातो. ती सगळं सांगून झाल्यावर ते म्हणाले, "अगं मग? सगळीकडे असतं ते. बेकायदा नाही."

"सर, पाहुण्याला विचारून केलं तर बेकायदा नाही. निवड त्याने करायची असते. आपण विचारत नाही. आपण बटण दाबतो आणि मग सांगतो."

"विचारलं तर कोण हो म्हणेल?" कैलाससर हसले.

ते त्यांनी इतक्या सहज म्हटलं की ती त्यांच्याकडे बघतच राहिली. म्हणजे यांना माहीत होतं. पहिल्यापासून.

"यात आपला काय फायदा आहे सर?"

"मशीनची कंपनी दर महिन्याला थोडे टक्के हॉटेलला परत देते. आता सगळं मालक ठेवतात असं समजू नकोस. मी भांडून त्यातला भाग तुम्हा लोकांसाठी काढून घेतो. दिवाळीचं पाकीट कुठून येतं, वाटलं तुला?"

यशोधराने खुर्चीचा हात धरला. दिवाळीचं पाकीट. दोन वर्षांची दोन पाकिटं तिने न फोडता ठेवली होती, आणि त्यांतून तीन तिकिटं काढली होती.

त्या दिवशी ती लवकर घरी आली. श्रीपतीभाऊ ओट्यावर शेवग्याच्या शेंगा सोलत बसले होते. तिने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. शेवटी त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली.

"म्हंजी आपुन त्या झाडाखाली... त्या पैशानं बसलो व्हतो?"

"मला माहीत नव्हतं, दादा."

"तुला न्हवतं म्हाईत. व्हय. तुला न्हवतं," ते म्हणाले आणि आत निघून गेले. शेंगा तशाच पडल्या.

पुढचं मला शालनबाईंनी सांगितलं. रविवारी विहारात नेहमीसारखी वंदना झाली. श्रीपतीभाऊंचा आवाज मोठा, ते पुढे म्हणतात आणि बाकीचे मागून. पंचशील सुरू झालं. पहिलं शील झालं. दुसरं, कुणी दिल्याशिवाय काही घेणार नाही अशा अर्थाचं, ते आलं आणि त्यांचा आवाज बंद पडला. लोकांना वाटलं खोकला आला. कुणी तरी पाण्याचा तांब्या पुढे केला. मागच्या लोकांनी ओळ पुरी केली. "म्या त्यांच्याकडं बगितलं," शालनबाई म्हणाल्या, "तर डोळं झाकलेलं आन् व्हट नुसतं हलत व्हतं. चाळीस वर्सांत आसं कदी झालं न्हाई."

घरी येताना त्यांनी लेकीला एवढंच सांगितलं, "ती दर साली येती ना बाई? तिला तरी सांग. तोंडावर सांग."

डिसेंबर उजाडेपर्यंत यशोधरा कामावर निराळी वागत होती. कार्ड घेतलं की मशीन पाहुण्याकडे वळवायची आणि सांगायची, "दोन पर्याय आहेत. रुपयांत दिलंत तर तुमची बँक बदली करेल, आणि बहुतेक वेळा ते तुम्हाला स्वस्त पडेल." एकानेही वरचं बटण दाबलं नाही. तिच्यासोबत काम करणारी समीक्षा चिडली. "तुझा एकटीचा देव मोठा झाला का? माझ्या घरी दोन पोरं आहेत, पाकिटावर त्यांचे कपडे होतात." समीक्षा खोटं बोलत नव्हती. कैलाससरांनी तिला काही दिवस लग्नाच्या हॉलच्या बुकिंगला बसवलं, पण पाहुणे तिलाच विचारत येऊ लागले तेव्हा परत काउंटरवर आणलं. "विचारायचंय तर विचार. पण मागे रांग लागता कामा नये," एवढं बोलून त्यांनी विषय संपवला.

कोकमबाई आली. या खेपेला तिने जांभळा मफलर विणून आणला होता. यशोधराने तो हातात घेतला, पण गळ्यात घालवेना. दुसऱ्या दिवशी सकाळी बाई बागेत ऊन खात बसली होती, तिथे ती गेली आणि समोरच्या खुर्चीत बसली. आजवर ती पाहुण्यांसमोर कधी बसली नव्हती.

तिने सरळ सांगितलं. मशीन, बटण, कंपनी, हॉटेलचा वाटा, दिवाळीचं पाकीट. कँडीचंही सांगितलं. म्हणाली, "दर वर्षी मी तुमच्याकडून जास्तीचे पैसे घेतलेत. मला माफ करा."

बाईने सरबताचा पेला खाली ठेवला. "मला माहीत आहे," ती म्हणाली.

यशोधराला आधी अर्थच लागला नाही.

"पहिल्याच वर्षी कळलं. घरी गेल्यावर माझ्या मुलाने बँकेचा दर काढून दाखवला. म्हणाला, तुला फसवलंय. दुसऱ्या वर्षी मी मुद्दाम तुझ्यासमोर गप्प उभी राहिले. म्हटलं, बघू, ही विचारते का. तू नाही विचारलंस. हसलीस आणि बटण दाबलंस."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? मला वाटलं, पगार कमी असेल. घरी म्हातारे आईवडील आहेत. काही तरी मिळत असेल यातून. पोरगी मनाने चांगली आहे, फक्त पैशाच्या वेळी थोडी..." बाईने हाताने हवेत काही तरी केलं आणि वाक्य सोडून दिलं.

"म्हणजे इतकी वर्षं तुम्ही मला चोर समजत होता?" यशोधराचा आवाज तिचा तिलाच ओळखू येईना. "आणि तरी माझ्यासाठी विणत होता?"

बाई नाही म्हणाली नाही. "तो शब्द मी कधी मनात येऊ दिला नाही," एवढंच म्हणाली.

यशोधरा सांगत होती, त्या क्षणी तिला वाटलं की बागेतून उठून सरळ रस्त्याला लागावं. फसवल्याची लाज तिने दोन महिने मनात वागवली होती. तिची थोडी सवय झाली होती. पण आपण जिला 'माझी कोकमबाई' म्हणत होतो, ती दर डिसेंबरात आपल्याला चोरी करणारी पोर म्हणून बघत होती, बघून माफ करत होती, आणि आपण तिने विणलेलं मिरवत होतो, हे तिच्या कल्पनेत कधी आलं नव्हतं.

तेवढ्यात बाईचा चेहरा बदलला. उशिरा काही तरी समजावं तसा. "थांब," ती म्हणाली. "तू आत्ता म्हणालीस, कँडीत कळलं. म्हणजे तुला माहीत नव्हतं?"

"नव्हतं."

"कधीच?"

"कधीच नाही."

बाईने दोन्ही हात तोंडावर ठेवले. यशोधरा सांगते की एवढी पांढरीफटक झालेली बाई तिने पूर्वी पाहिली नव्हती. "मी एकदा विचारलं असतं," बाई हातांआडून म्हणाली. "नुसतं एकदा. मी मोठ्या मनाची म्हणून गप्प बसले, असं मला वाटायचं. आणि तू..."

दोघी समोरासमोर बसलेल्या. माळी पाइप घेऊन आला आणि दोघींकडे बघून तसाच मागे फिरला. मग बाईनेच हात पुढे केला. यशोधराने तो धरला.

महिना संपला तेव्हा बाई बिल द्यायला आली. यशोधराने मशीन तिच्यापुढे ठेवलं आणि स्वतः दोन पावलं मागे सरकली. बाईने चष्मा चढवला, पडदा नीट वाचला, आणि रुपयांचं बटण दाबलं. जाण्याआधी ती कैलाससरांच्या केबिनमध्येही जाऊन आली. आत काय बोलणं झालं ते कुणाला ठाऊक नाही, पण ते बाहेर आले तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते. त्यानंतर काउंटरवर एक पाटी लागली: कोणत्या चलनात पैसे द्यायचे ते पाहुण्याने ठरवावं. पाटी आहे, पण गर्दी असली की समीक्षा आजही मुकाट वरचं बटण दाबते. यशोधरा हे लपवत नाही. दोघी पुन्हा बोलायला लागल्यात. एक डबा वाटून खातात, आणि त्याच विषयावरून भांडतात.

त्या दिवाळीचं पाकीट यशोधराने घेतलं नव्हतं. विहारात श्रीपतीभाऊंचा आवाज परत लागला, असं शालनबाई म्हणतात, "पैल्यासारका मोटा न्हाई, पण लागला."

यंदाच्या मार्चात कुरवंडे आणि आसपासच्या वाड्यांतल्या दहा-बारा बाया थायलंडला निघाल्या, तिथली बुद्धविहारं बघायला. निघण्याआधी यशोधराने सगळ्यांना ओट्यावर बसवलं. मीही होते.

"हॉटेलात, दुकानात, कुठेही कार्ड दिलं की मशीन विचारेल, भारताचे रुपये की तिथले बाट. बाटच म्हणायचं. पैसे काढायच्या मशीनवरही तेच विचारतील, तिथेही आमच्या पैशांत नको म्हणायचं. त्यांनी मशीन स्वतःकडे वळवलं तर म्हणायचं, दाखवा. आणि आधीच बटण दाबलं असेल तर रद्द करायला लावायचं. लाजायचं नाही."

"आगं पन आमाला इंग्रजी कुटं येतंय?" हिरामावशी म्हणाल्या. त्यांचं वय पासष्ट, आयुष्यात पहिल्यांदाच विमानात बसणार होत्या.

"एक शब्द पुरे. बाट."

तिसऱ्या-चौथ्या दिवशी बँकॉकहून फोन आला. यशोधराने माझ्यासमोरच उचलला. हिरामावशी पलीकडून ओरडत होत्या.

"यशे, आगं त्यानं दाबलंच की! म्या कार्ड दिलं न्हाई तवर दाबलं! लय ग्वाड हसला आन् दाबलं!"

"मग?"

"मंग काय! म्या म्हनलं, बाट. तो म्हनला, नो प्रॉब्लेम मॅडम. म्या म्हनलं, बाट! तो काय तरी इंग्रजीत समजावाया लागला. मंग आमी समद्या बाया काउंटरला जाऊन उब्या ऱ्हायलो आन् समद्याच म्हनलो, बाट! आगं तो आसा बगाया लागला आमच्याकडं, तोंडच मिटंना त्याचं."

"केलं का रद्द?"

"केलं की. दुसऱ्यांदा मशीन माज्या हातात दिलं त्यानं, दोनी हातांनी."